मामांचे स्पीकर, माझा संगणक आणि एक नकोसा स्वर

मामांनी मोठे घर सोडून लहान सदनिकेत राहायला जायचे ठरवले, तेव्हा त्यांच्या दिवाणखान्यातले दोन बुकशेल्फ स्पीकर माझ्या वाट्याला आले. त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर काही वर्षांपूर्वीच निकामी होऊन भंगारात गेला होता, त्यामुळे मिळाल्या त्या केवळ दोन जड लाकडी पेट्या. प्रत्येकीची उंची सुमारे ३५ सेंटिमीटर होती आणि पाठीमागच्या पट्टीवर ८ ओहम व ८६ डेसिबल एवढीच माहिती वाचता येत होती. माझे बहुतेक ऐकणे कामाच्या टेबलावरच्या संगणकावर चालते, आणि तिथले प्लॅस्टिकचे छोटे स्पीकर तबल्याचा बायाँ जवळजवळ गिळून टाकत असत. म्हणून हे जुने स्पीकर संगणकालाच जोडायचे असे मी ठरवले. एका रविवारचे काम आहे, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पाच आठवडे गेले.

पहिली चूक अज्ञानाची होती. बिघडलेल्या इअरफोनची वायर कापून तिची टोके मी स्पीकरच्या मागच्या लाल व काळ्या टर्मिनलना जोडली आणि पिन संगणकाच्या मागच्या हिरव्या जॅकमध्ये घातली. आवाज आला, पण शेजारच्या खोलीत कुणीतरी रेडिओ लावून ठेवावा तसा. माझ्या जुन्या प्लॅस्टिकच्या स्पीकरमध्ये छोटा अ‍ॅम्प्लिफायर आतच बसवलेला होता, म्हणून तर त्यांना भिंतीतल्या प्लगची गरज लागत होती. मामांच्या पेट्यांमध्ये मात्र खालच्या स्वरांचा वूफर, वरच्या स्वरांचा ट्वीटर आणि या दोघांत स्वरांची वाटणी करणारे क्रॉसओव्हर सर्किट याशिवाय काहीच नव्हते. असा पॅसिव्ह स्पीकर हलवायला खरी विद्युतशक्ती लागते. संगणकाचा हिरवा जॅक काही हजार ओहमच्या भाराला नुसता संकेत पोहोचवण्यासाठी असतो, आणि ओहम जितके कमी तितका भार जड. मी त्याच्या गळ्यात ८ ओहमचे लोढणे अडकवले होते. जॅक जळला नाही, हे नशीब.

म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर हवा होता. तो शोधताना वॅटच्या आकड्यांनी मला बराच काळ गोंधळात टाकले. तापकीर गल्लीतल्या एका दुकानात मी शंभर वॅटची चौकशी केली, तेव्हा काउंटरमागच्या वयस्कर गृहस्थांनी शांतपणे विचारले, "ताई, सभागृह आहे का?" मग त्यांनीच हिशेब समजावून सांगितला. ८६ डेसिबल म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर मिळणारा आवाज. मी टेबलाशी बसणार, म्हणजे अंतर जेमतेम पाऊण मीटर, आणि स्पीकर दोन. एवढ्यात एका वॅटमध्येच आवाज ९० डेसिबलच्या आसपास जातो, आणि तितका आवाज तासभरही सहन होत नाही. शिवाय शक्ती दुप्पट केली तरी आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. अखेर ओळखीतल्या एकांकडून दर वाहिनीला, म्हणजे प्रत्येक स्पीकरला, ४० वॅटचा, वापरलेला पण सुस्थितीतला स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर मी घेतला. त्याच दुकानातून १६ गेजची तांब्याची स्पीकर वायर, चार बनाना प्लगच्या जोड्या आणि एका टोकाला साडेतीन मिलिमीटरची पिन व दुसऱ्या टोकाला लाल-पांढरे आरसीए प्लग असलेली केबल आणली. सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या केबलबद्दल विचारले, तर त्या गृहस्थांनी ती दाखवायलाही नकार दिला.

जोडणी करताना अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग काढून ठेवला होता. वायरची टोके सोलताना तांब्याची एखादी बारीक तार बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला टेकली, तर शॉर्ट होऊन अ‍ॅम्प्लिफायरच बिघडू शकतो. म्हणून प्रत्येक टोक पिळून मी बनाना प्लगमध्ये घट्ट कसले. इतकी काळजी घेऊनही एक चूक झालीच. वायरचे वेष्टन पारदर्शक होते आणि दोन पदरांपैकी एकावर अगदी फिकट रेघ होती, ती दिव्याच्या उजेडात माझ्या नजरेतून सुटली. एका स्पीकरला लाल-काळे उलटे जोडले गेले. अशा वेळी बिघाड लगेच लक्षात येत नाही, कारण दोन्ही बाजूंनी आवाज येतच असतो. फक्त एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो, खालचे स्वर परस्परांना खोडून काढतात आणि गाणाऱ्याचा आवाज समोर न उमटता खोलीभर विखुरतो. मला ते कळले गायिका केसरबाई केरकरांच्या एका जुन्या ध्वनिमुद्रणामुळे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरचे मुद्रण मोनो असते, म्हणजे दोन्ही स्पीकरना अगदी एकच संकेत मिळतो, आणि आवाज दोहोंच्या बरोबर मध्यातून यायला हवा. तो तसा येत नव्हता. मग वायर सोडवून, दीड व्होल्टच्या सेलचे धन टोक लाल टर्मिनलला आणि ऋण टोक काळ्याला क्षणभर टेकवून पाहिले. वूफरचा पडदा बाहेर उसळला, म्हणजे पेटीतली जोडणी ठीक होती आणि दोष माझ्या वायरचा होता.

हे सगळे सरळ झाल्यावर तो नकोसा स्वर ऐकू आला.

संध्याकाळी हार्मोनियमचा सराव करण्यापूर्वी मी संगणकावर काळी एक या पट्टीचा तानपुरा लावला. तानपुऱ्याखाली आणखी काहीतरी घुमत होते, आणि ते घुमणे बेसूर होते. आपल्याकडे घरातल्या विजेची कंप्रता ५० हर्ट्झ असते, आणि तिच्या घरघरीत १००, १५० अशा पटीतल्या कंप्रताही मिसळलेल्या असतात. काळी एकचा षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्झवर येतो आणि त्याचा कोमल रिषभ १४८च्या जवळ. म्हणजे माझ्या भिंतीतली वीज अखंडपणे किंचित चढा कोमल रिषभ लावून बसली होती. कोमल रिषभ ज्यात नाहीच असा भूप राग लावून बसलेल्या माणसाला यापेक्षा मोठा छळ कोणता?

अ‍ॅम्प्लिफायर वापरलेला असल्यामुळे संशय आधी त्याच्यावर गेला. पण केबल उपटून काढली की तो पूर्ण शांत होत होता. त्याच केबलला बॅटरीवर चालणारा फोन जोडला, तरीही शांतता. संगणक जोडला रे जोडला की घरघर सुरू, मग संगणकाचा आवाज शून्यावर असला तरीही. त्याखाली एक बारीक चिरचिरही होती, आणि ती माऊस हलवला की बदलत होती. दोष कुठल्याच यंत्रात नव्हता. दोन्ही यंत्रे एकत्र आली म्हणजेच तो निर्माण होत होता.

त्याचे कारण अर्थिंगच्या वेटोळ्यात होते. संगणकाला तीन पिनांचा प्लग होता, अ‍ॅम्प्लिफायरलाही होता, आणि दोन्ही दोन वेगळ्या भिंतींवरच्या बोर्डांत लावलेले होते. दोन बोर्डांच्या अर्थिंगमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक असणे स्वाभाविक आहे. दोन्ही यंत्रे ऑडिओ केबलने जोडताच त्या केबलच्या बाहेरच्या जाळीतून हा फरक भरून काढणारा प्रवाह वाहू लागतो, आणि अ‍ॅम्प्लिफायरला तो प्रवाह व गाणे यांतला भेद कळत नाही. तो दोन्ही सारख्याच निष्ठेने मोठे करतो. ओळखीतल्या एकांनी अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला दिला. घरघर त्याने थांबलीही असती. पण ती पिन धातूच्या खोक्यात वीज उतरली तर आपला जीव वाचवण्यासाठी असते, त्यामुळे त्या सल्ल्याकडे मी पाठ फिरवली, आणि वाचणाऱ्यांनीही फिरवावी.

दोन्ही यंत्रे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणली, तेव्हा घरघर निम्म्याहून कमी झाली. चिरचिर मात्र तशीच राहिली. मग केबलच्या मध्ये बसवायचे एक स्वस्त ग्राउंड लूप आयसोलेटर आणले. त्याच्या पोटात दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात, आणि त्यांच्यामुळे संकेत तारेला तार न जोडताच पलीकडे जातो. घरघर व चिरचिर दोन्ही गेली, पण त्यांच्याबरोबर बायाँचा घुमाराही गेला. इतक्या लहान ट्रान्सफॉर्मरला खालचे स्वर पेलत नाहीत. ज्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला होता तेच गमावणे मला मान्य नव्हते.

शेवटी उपाय संगणकाच्या पाठीवरच सापडला. मदरबोर्डच्या मागे एक चौकोनी, झडप असलेले छिद्र होते आणि झडप दाबली की आत तांबडा प्रकाश दिसत होता. हा ऑप्टिकल आउटपुट. तोशिबा कंपनीने १९८३ मध्ये आणलेल्या या पद्धतीत आवाजाचे आकडे प्लॅस्टिकच्या तंतूतून प्रकाशाच्या रूपाने जातात. धातूचा धागा मध्ये नसल्यामुळे अर्थिंगचे वेटोळे तयारच होत नाही. पलीकडे त्या आकड्यांचे पुन्हा विद्युतसंकेतात रूपांतर करणारा डॅक लागतो. साबणाच्या वडीएवढा एक डॅक मी मागवला, जोडला आणि अर्धा तास निव्वळ शांतता ऐकली. ऑप्टिकल केबलच्या टोकावर बसवलेली पारदर्शक टोपी मी काढलीच नव्हती. ती काढल्यावर तानपुरा वाजला, आणि घरघरही परत आली!

त्या रात्री मी दिवा मालवून निजले. सकाळी ध्यानात आले की डॅकला वीज मी संगणकाच्याच यूएसबी पोर्टमधून दिली होती, म्हणजे प्रकाशाने तोडलेला धागा मी स्वतःच्या हाताने शेजारून पुन्हा बांधला होता. फोनच्या दोन पिनांच्या चार्जरवर डॅक लावला आणि तो कोमल रिषभ कायमचा गेला.

संगणकातल्या मांडणीला फारसा वेळ लागला नाही. ध्वनीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट निवडले आणि आवाज 'सुधारणारे' सर्व पर्याय बंद केले. माझा संग्रह मुख्यतः सीडीवरून उतरवलेला असल्यामुळे आवाजाच्या नमुन्यांचा दर (सँपल रेट) सेकंदाला ४४,१०० ठेवला. व्हिडिओंचा ध्वनी साधारणपणे ४८,०००चा असतो व त्याचे रूपांतर संगणक करतो, पण त्यातला फरक माझ्या कानांना कधी जाणवला नाही. संगणकाचा आवाज पूर्ण ठेवून कमी-जास्त करायचे ते अ‍ॅम्प्लिफायरच्या खुंटीने, हेही ठरवले. याचा एक दुष्परिणाम पहिल्याच ईमेलला कळला. सूचनेची घंटा देवळातल्या घंटेसारखी दणाणली, तेव्हा सूचनांचे सगळे आवाज बंद करून टाकले.

खरी मेहनत जागेची होती, आणि यंत्रांवर खर्च केलेल्या पैशांपेक्षा तिनेच मला जास्त दिले. टेबल चार फूट रुंद आहे. स्पीकर मॉनिटरच्या दोन्ही बाजूंना थेट टेबलावर ठेवले, तेव्हा ट्वीटर माझ्या छातीच्या पातळीला येत होते, टेबलाचा पृष्ठभाग आवाज परावर्तित करत होता आणि फळी स्वतःही वूफरबरोबर थरथरत होती. आधी दोन्हींखाली जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे दिले. ते गुळगुळीत कागदामुळे घसरू लागले. मग विटा आणल्या, त्यांवर जाड रबराचे तुकडे ठेवले आणि ट्वीटर कानांच्या उंचीला आणले. पाठीमागचे हवेचे छिद्र भिंतीपासून जेमतेम वितभर होते, त्यामुळे खर्जातला प्रत्येक स्वर फुगून येत होता. टेबलच भिंतीपासून पुढे ओढले, आणि तरी उरलेला फुगवटा त्या छिद्रांत एकेक सुती मोजा सैल कोंबून आवरला. दोन स्पीकरमधले अंतर आणि प्रत्येक स्पीकरपासून माझ्या डोक्याचे अंतर सुतळीने मोजून सारखे केले. केसरबाई आता मॉनिटरच्या बरोबर मध्यातून गाऊ लागल्या.

महिन्याभराने मामा आले. मी त्यांना खुर्चीवर बसवले, आधी संगणक व डॅक आणि सर्वांत शेवटी अ‍ॅम्प्लिफायर सुरू केला, कारण क्रम उलटा झाला तर स्पीकरमधून धप्पकन ठोका येतो. त्यांनी दहा मिनिटे डोळे मिटून ऐकले. मग म्हणाले, "डावा जरा आत वळव." मी तो बोटभर वळवला. त्यांचे बरोबर होते.