म्योडलारॉइट: निम्मं बव्हेरियात, निम्मं थ्युरिंगियात

न्युरेंबर्ग-एर्लांगेनकडच्या मराठी मंडळींचा पाहुणे फिरवायचा मार्ग ठरलेला आहे: बामबेर्ग, रोटेनबुर्ग, जमलंच तर म्युनिक. पाहुणे दुसऱ्यांदा आले की मात्र पंचाईत होते. त्यांना म्योडलारॉइटला न्या. वस्ती पन्नासच्या आत-बाहेर, चर्च नाही, चारी बाजूंनी शेतं. गावातून टानबाख नावाचा ओढा वाहतो, शाळकरी पोर उडी मारून ओलांडेल एवढाच. अलीकडे बव्हेरिया राज्य, पलीकडे थ्युरिंगिया. जर्मनीची फाळणी होती तोवर अलीकडे पश्चिम जर्मनी नि पलीकडे पूर्व जर्मनी. बर्लिनसारखी इथेही मध्ये भिंत होती, म्हणून अमेरिकन सैनिक या गावाला 'लिटल बर्लिन' म्हणायचे.

बहुतेक लोक भिंतीपुढे फोटो काढतात, म्युझियममधून एक चक्कर मारतात आणि जवळच्या होफ शहरात जेवायला परततात. मला विचाराल तर भिंत हा इथला सगळ्यात कमी टिकलेला प्रकार आहे. बघण्यासारखी आहे ती तिच्याआधीची नि तिच्यानंतरची हद्द. त्यासाठी अर्धा दिवस हाताशी ठेवा.

सुरुवात ओढ्याच्या काठाने करा. गवतात गुडघाभर उंचीचे जुने दगड दिसतील. ते 1810 साली रोवलेले आहेत. त्या वर्षी बायरॉइटचा मुलूख बव्हेरियाच्या राजाकडे गेला, तेव्हा शेजारच्या रॉइस संस्थानाशी असलेली हद्द पक्की करायला हे दगड बसवले. एका अंगाला 'के बी' ही बव्हेरियाच्या राज्याची अक्षरं, दुसऱ्या अंगाला रॉइसची 'एफ आर'. शेवाळ धरलंय, पण बोट फिरवलं की कोरीव खाचा लागतात. हे दगड इथे असताना गाव सव्वाशेहून जास्त वर्षं एकत्र नांदलं. शाळा आणि बिअर प्यायची जागा थ्युरिंगियाच्या बाजूला होती, रविवारच्या प्रार्थनेला सगळे बव्हेरियातल्या ट्योपेनला जायचे. सोयरिकी आरपार, जमिनीही आरपार. हद्द होती ती कागदावर, सारा भरण्यापुरती.

मग 1944 साली लंडनमध्ये दोस्त राष्ट्रांनी पराभूत जर्मनीची वाटणी नकाशावर आखली, आणि आखताना जुन्या राज्यांच्या सीमाच घेतल्या. रॉइसचा मुलूख 1920 मध्ये थ्युरिंगियात गेलेला होता. थ्युरिंगिया रशियनांच्या वाट्याला, बव्हेरिया अमेरिकनांच्या. झालं! संस्थानिकांच्या काळातला ओढा जगाची सीमा होऊन बसला. सुरुवातीला पास दाखवून ये-जा चालायची. मे 1952 मध्ये पूर्व जर्मनीने सीमेलगतची 5 किलोमीटरची पट्टी प्रतिबंधित केली आणि त्यातली शेवटची 500 मीटर आणखी कडक. ज्यांचा भरवसा वाटत नव्हता, अशा हजारो लोकांना सीमाभागातून उचलून आत हलवलं. त्या मोहिमेला आतल्या गोटात 'कीड' असं नाव होतं, यावरून काय ते समजा. इथे आधी लाकडी कुंपण आलं, पुढे काटेरी तारा, आणि 1966 मध्ये काँक्रीटची भिंत: सुमारे 700 मीटर लांब, 3 मीटरहून उंच, रात्रभर दिव्यांच्या झोतात. पन्नास माणसांच्या गावासाठी!

पूर्वेकडच्यांना पलीकडे हात करायचीही बंदी होती. पश्चिमेकडून बसभर पर्यटक येऊन हात हलवायचे, समोरून कुणी प्रतिसाद देऊ शकत नसे. 1983 च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष थोरले जॉर्ज बुश इथे उभे राहून भिंत बघून गेले. पूर्वेच्या गावात मात्र पाहुण्यालाही परवाना लागायचा, सख्खा भाऊ असला तरी.

एक गोष्ट जागेवर गेल्यावरच नीट कळते. भिंत ओढ्यावर नाही, ओढ्यापासून थोडी आत, पूर्वेच्या जमिनीवर आहे. म्हणजे भिंत आणि पाणी यांच्यामधली हिरवळसुद्धा पूर्व जर्मनीच होती. बव्हेरियाच्या काठावरून कुणी सहज उडी मारली तरी परदेशात घुसखोरी! म्युझियमने निळे-पांढरे बव्हेरियन खांब आणि पूर्वेचे काळे-लाल-सोनेरी खांब समोरासमोर ठेवलेत. तिथे दोन मिनिटं उभं राहून अंतराचा अंदाज घ्या, म्हणजे सगळा खुळेपणा ध्यानात येतो.

बर्लिनमध्ये भिंत कोसळल्यावरही इथे महिनाभर काही हललं नाही. 9 डिसेंबर 1989 ला पायी जाण्यापुरती वाट उघडली. त्याच दिवशी होफमध्ये दोन्हीकडचे निसर्गप्रेमी जमले आणि त्यांनी ठराव केला की सीमेवरची ओसाड पट्टी नांगराखाली घालायची नाही. आज 'ग्रीन बेल्ट' म्हणून ओळखला जाणारा जवळजवळ 1400 किलोमीटरचा हिरवा पट्टा त्या बैठकीतून निघाला. म्योडलारॉइटची भिंत 17 जून 1990 ला बुलडोझरने पाडली. म्युझियमसाठी सुमारे 100 मीटर ठेवली.

आता शेतं. गावाबाहेरच्या चढावर जाऊन दोन्हीकडे पाहा. पूर्वेकडची वावरं अवाढव्य, बांध जवळपास नाहीतच. 1960 पर्यंत पूर्व जर्मनीतल्या शेतकऱ्यांना सामुदायिक शेतीत ढकललं गेलं, तुकडे एकत्र झाले. एकीकरणानंतर सहकारी संस्थांच्या जागी कंपन्या आल्या तरी शेतांचा आकार बराचसा तसाच राहिला. बव्हेरियाच्या बाजूला घराण्याची शेती, पट्टे लहान, मध्ये झुडपांच्या ओळी. मे महिन्यात गेलात तर रेपसीडचा पिवळा रंग हा फरक दुरूनच दाखवतो. भिंत हटवायला एक सकाळ पुरली, शेतांचे आकार अजून तिचा पत्ता सांगतात.

आणि गाव अजूनही एक नाही बरं का! अलीकडचे लोक ट्योपेनला मत देतात, पलीकडचे गेफेलला. पिनकोड वेगळे, फोनचे कोड वेगळे, गाड्यांच्या पाट्यांवर इकडे 'एचओ', तिकडे 'एसओके'. 31 ऑक्टोबरला थ्युरिंगियात सुट्टी, बव्हेरियात 1 नोव्हेंबरला. शेजारी-शेजारी राहणाऱ्या पोरांच्या शाळेच्या सुट्ट्याही जुळत नाहीत. मला हे म्युझियमपेक्षाही मोलाचं वाटलं, कारण कुणी मुद्दाम मांडून ठेवलेलं नाही.

जाणाऱ्यांसाठी: रेल्वेने होफपर्यंत या. न्युरेंबर्गहून रिजनल गाडी थेट येते. पाच जणांपर्यंतचा घोळका असेल तर बायर्न-टिकेट (बव्हेरियातल्या रिजनल गाड्यांचं दिवसभराचं तिकीट) परवडतं, फक्त कामाच्या दिवशी ते सकाळी 9 नंतरच चालतं. होफच्या फलाटावर एक क्षण थांबा. 1 ऑक्टोबर 1989 ला प्रागमधल्या पश्चिम जर्मनीच्या वकिलातीत अडकलेल्या पूर्व जर्मनांना घेऊन आलेल्या गाड्या इथेच लागल्या होत्या. तिथून गाव 15-20 किलोमीटर. बसच्या भरवशावर राहू नका, शनिवार-रविवारी तर नाहीच. टॅक्सी केलीत तर परतीची वेळ चालकाशी आधीच ठरवा. स्वतःची गाडी असेल तर ए-72 महामार्गावर होफ-ट्योपेनला बाहेर पडा, पुढे म्युझियमच्या पाट्या आहेत.

म्युझियम सोमवारी बंद असतं. निघण्याआधी त्यांच्या साइटवर वेळा बघून घ्या. भिंत आणि टेहळणीचा बुरूज उघड्यावर आहेत, त्यामुळे वाऱ्याची तयारी हवी. या टापूला 'बव्हेरियाचा सायबेरिया' म्हणतात ते उगाच नाही, एप्रिलमध्येही जाड जाकीट लागतं. ओढ्याकाठी चिखल असतो, जुने बूट घाला. उभ्या पिकात फोटोसाठी शिरू नका आणि लोकांच्या खिडक्यांवर कॅमेरा रोखू नका. त्या घरांत माणसं राहतात.

जेवणाचं होफला उरका किंवा डबा न्या. शाकाहारींनी बटाट्याचे क्लोस (उकडलेले गोळे) आणि मश्रूमचा रस्सा मागवावा, पण रस्सा मांसाच्या पाण्यात केलाय का हे विचारूनच. मांसाहारींची चैन आहे: होफच्या रस्त्यावर पितळी बंबात, खाली कोळसा पेटवून, गरम सॉसेज विकणारा 'व्हेर्श्टलामो' उभा असतो. सुटे पैसे जवळ ठेवा, आणि मोहरी सढळ हाताने लावून मागा.