घोडीचा पोटशूळ: माझा अनुभव

चांदणीने सकाळच्या चंदीला तोंड लावलं नाही, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. पुढच्या पायाने जमीन उकरणं, मान वळवून कुशीकडे बघणं, मध्येच वरचा ओठ मुडपणं चालू होतं. रात्रीची लीद थोडी, कोरडी आणि बारीक गोळ्यांची.

डॉक्टरांना फोन लावण्याआधी मी तिला नीट तपासलं. जबड्याच्या हाडाच्या खालच्या कडेला शीर बोटाखाली येते, तिथे नाडी मोजता येते. निवांत घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४० असतात. तिचे ५२ भरले. ताप नव्हता. हिरडी अंगठ्याने दाबून सोडली तर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली, म्हणजे रक्ताभिसरण अजून ठीक होतं. कुशीला कान लावला तर डावीकडे क्षीण गुरगुर, उजवीकडे जवळजवळ काहीच नाही.

हे सगळं ऐकून डॉक्टर म्हणाले, "दाणा-गवत उचला, लोळायला लागली तर हळूहळू फिरवा, आणि मी येईपर्यंत दुखण्याचं इंजेक्शन देऊ नका." मला हे शंभर टक्के पटतं. दुखणं दबलं की नाडीही उतरते आणि आतड्याला पीळ पडला असेल तर तो ओळखण्यात मोलाचा वेळ जातो.

त्यांनी आधी नाकातून जठरापर्यंत नळी घातली. घोड्याला उलटी होत नाही. पुढे वाट बंद असेल तर तुंबलेल्या पाण्याने जठर फुटूही शकतं. नळीतून मागे काही आलं नाही, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मग गुदद्वारातून हात घालून तपासताना मोठ्या आतड्याच्या अरुंद वळणावर घट्ट गोळा लागला. चारा अडकला होता.

वेदनाशामक दिलं, नळीतून क्षार घातलेलं कोमट पाणी आणि थोडं पॅराफिन तेल सोडलं, खाणं पूर्ण बंद. पुढे लिदीवर तेल दिसलं तेव्हा मी हरखलो, पण डॉक्टर म्हणाले, तेल गोळ्याच्या कडेनेही निसटतं. पाणी चालू ठेवायचं. ठोके साठच्या वर गेले किंवा औषध देऊनही दुखणं परतलं, तर शस्त्रक्रियेसाठी हलवायचं हेही आधीच ठरवलं होतं. ती वेळ आली नाही. मऊ, भरपूर लीद झाली, मगच भिजवलेलं गवत मूठ-मूठ सुरू केलं.

चारा का अडकला, याचा शोध दाढांपाशी लागला. कडा धारदार होऊन गाल सोलले होते, त्यामुळे ती नीट चावतच नव्हती. कानस फिरवून त्या सारख्या करून घेतल्या. आता दाढांची तपासणी दरवर्षी ठरलेली.