बूस्टरला व्हॅक्यूम द्यायचा कुठून?

डॅटसन 240 झेड या जुन्या स्पोर्ट्स कारवर तीन वेबर कार्ब्युरेटर बसवले की जो तो आवाजाचं कौतुक करतो. इंजिनाच्या व्हॅक्यूमवर पेडल हलकं करणाऱ्या ब्रेक बूस्टरचं काय केलंत, हे कुणी विचारत नाही.

मूळ गाडीत दोन कार्ब्युरेटर आणि त्यांना जोडणारी बॅलन्स ट्यूब. बूस्टरला व्हॅक्यूम तिथूनच मिळतो. वेबरचा मॅनिफोल्ड आला की ती ट्यूब जाते आणि सहा सिलिंडरचे सहा रनर (सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या वाटा) वेगळे पडतात. माझ्या गाडीवर आधी काम केलेल्याने बूस्टरची नळी नुसती सहाव्या रनरला जोडून दिली होती. जवळ पडतो ना!

एकदा ब्रेक दाबलात तर काही कळत नाही, कारण हवा एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमुळे बूस्टर हळूहळू का होईना, भरतो. लागोपाठ दोन-तीनदा दाबा, पेडल दगड होतं. वर बूस्टरमधली हवा एकट्या सहाव्यात शिरते, त्याचं मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि आयडल, म्हणजे पाय न देता चालणारं इंजिन, अडखळतं.

नळीत टी जोड टाकून व्हॅक्यूम गेज लावला तर सुई अशी थरथरत होती की आकडा वाचता येईना. साहजिकच आहे. रनरमध्ये ओढ असते ती त्या सिलिंडरच्या इनटेक स्ट्रोकला, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच. त्यात माझा कॅम गरम, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा, त्यामुळे ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकदमच उघडे असण्याचा काळ) जास्त. धडधाकट स्टॉक इंजिन आयडलला 18 ते 20 इंच पारा सहज दाखवतं. इथे ती अपेक्षाच सोडायची.

शेवटी सहाही रनरना, बटरफ्लायच्या (कार्ब्युरेटरमधल्या झडपेच्या) पुढे, इंजिनाकडे, वरच्या अंगाला भोकं पाडून टॅप केली. खालून घेतलं तर नळीत पेट्रोल साचतं. भोकं लहानच ठेवली. मोठी केली की सिलिंडर एकमेकांचं मिश्रण पळवतात आणि कार्ब बॅलन्स करण्यात काही अर्थ उरत नाही. सहा नळ्या एका आडव्या पाइपात, पुढे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, मग छोटी टाकी, तिथून बूस्टर. फायरिंग ऑर्डर 1-5-3-6-2-4, म्हणजे दर 120 अंशांनी कुणीतरी ओढतंच. नळी मात्र बूस्टरचीच घ्या. कूलंटची नळी आतल्या आत चपटी होते, आणि बाहेरून पटकन लक्षातही येत नाही.

आता आयडलला सुई 12 च्या आसपास स्थिर असते. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की 20 च्या वर जाते. ब्रेक मारण्याआधी पाय तर उचलतोच आपण, तेवढ्यात टाकी भरते.

ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरची व्हॅक्यूम नळी या टाकीला चुकूनही लावू नका. व्हॉल्व्हच्या पलीकडे व्हॅक्यूम अडकून राहतो, म्हणजे थ्रॉटल उघडला तरी ॲडव्हान्स (ठिणगी लवकर पाडणं) उतरणार नाही. मी नुसत्या मेकॅनिकल ॲडव्हान्सवर चालवतो.

इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप सुचवणारेही भेटले. कॅम याहून गरम घातला तर तोच लागेल, पण सध्या ती घरघर मला नको.