किती बोटे?

आमच्या शाळेचा वार्षिक सायकल मेळावा हवा भरण्याच्या पंपाभोवतीच्या भांडणाने सुरू होत असे, आणि एखाद्या वर्षी ते भांडण झाले नाही, तर आम्हा शिक्षकांनाच चुकल्याचुकल्यासारखे वाटे. पुढे २०१८ साली संयुक्त राष्ट्रांनी ३ जून हा जागतिक सायकल दिन म्हणून जाहीर केला. आमचा मेळावा त्याच्या कितीतरी आधीपासूनचा.

ब्रेक, साखळी, घंटी यांची तपासणी लवकर आटपे. हेल्मेटला मात्र वेळ लागे, कारण ते भुवयांच्या वर दोन बोटांवर बसले पाहिजे हे मुलांना पटत नसे. केस दिसावेत म्हणून ते हळूच मागे सारले जाई.

खरी परीक्षा मैदानावर फक्कीने आखलेल्या सरळ रेषेवर होई. रेषेवरून सायकल चालवताना मागून "किती?" अशी हाक आली की खांद्यावरून मागे पाहायचे आणि शिक्षकांनी वर केलेल्या बोटांची संख्या सांगायची. मान वळली की खांदा वळतो, खांद्याबरोबर हात आणि हाताबरोबर हँडल. त्यामुळे पहिल्या फेरीत जवळजवळ प्रत्येक जण ज्या बाजूला पाही, त्याच बाजूला भरकटत जाई. रस्त्यावर वळण्याआधी हात दाखवायचा, हे मुलांना चटकन जमे. त्याच्याही आधी मागे पाहायचे असते, हे अंगवळणी पडायला दोन-दोन वर्षे लागत. तरी पाहुण्यांकडून कौतुक व्हायचे ते हात दाखवण्याचेच.

एका वर्षी मैदानात मालट्रक आणून उभा केला होता. एकेकाला चालकाच्या जागी बसवले आणि बाकीच्या दहा-बारा जणांना सायकलींसह पलीकडच्या दाराला अगदी लागून उभे केले. "सर, इथून कोणीच दिसत नाही," असे वरून उत्तर आले, तेव्हा खाली उभ्या असलेल्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते.

त्यानंतरच चौघाचौघांच्या गटाने प्रत्यक्ष रस्त्यावर जायचे, तेही उभ्या मोटारीचे दार अचानक पूर्ण उघडले तरी लागणार नाही इतके अंतर राखून.

सातवीतली एक मुलगी मात्र रेषेवरून तसूभरही ढळत नसे. मागे न पाहताच ती "तीन" किंवा "दोन" ठोकून देई आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघे. पुढे मोठी झाल्यावर ती मेळाव्यात मदतीला येऊ लागली, तेव्हा बोटे दाखवण्याचे काम तिने आपणहून मागून घेतले. दर चार-पाच मुलांमागे एकदा ती नुसती बंद मूठ वर करी.