तालमीत सरफेस ईएमजी घेताना: माझा अनुभव

कोल्हापूरच्या तालमींत पैलवानांची पकड आणि मान-खांद्याचे स्नायू मी सरफेस ईएमजीवर, म्हणजे कातडीवर इलेक्ट्रोड चिकटवून स्नायूतली वीज मोजणाऱ्या चाचणीवर, तपासतो. स्नायू आकसताना त्याच्या तंतूंवरून विजेची लहर धावते. कातडीवर पोचणारा तिचा अंश काही मायक्रोव्होल्टपासून फार तर काही मिलिव्होल्टपर्यंत असतो. म्हणून यंत्रापेक्षा कातडीच्या तयारीलाच जास्त वेळ द्यावा लागतो.

कुस्तीच्या हौद्यातल्या मातीत तेल, हळद, ताक मुरलेलं असतं. मेहनत झाल्यावर अंग नुसतं पुसून इलेक्ट्रोड लावला तर तो घामाबरोबर सरकतो. त्यामुळे मोजणी मेहनतीआधी, आंघोळीनंतर. केस काढायचे, खरखरीत कापडानं कातडी किंचित लालसर होईपर्यंत घासायची, स्पिरिटनं पुसायची आणि पूर्ण वाळू द्यायची. कातडीचा विजेला होणारा अवरोध १० किलोओहमच्या खाली आल्याशिवाय मी पुढे जात नाही.

जागा चुकली तर पुढचं सगळं वाया जातं. सरफेस ईएमजीसाठी शिफारशी करणाऱ्या युरोपातल्या सेनियाम प्रकल्पानं सुचवलेलं माप मी पाळतो: दोन इलेक्ट्रोडच्या केंद्रांत २० मिमी अंतर आणि जोडी तंतूंच्या दिशेत. ट्रॅपेझियस या मान-खांद्याच्या स्नायूसाठी मानेच्या सातव्या मणक्यापासून खांद्याच्या हाडापर्यंत टेप धरून बरोबर मध्यावर खूण करायची. बायसेप्सला कोपराच्या खळगीकडून एक तृतीयांशावर. मज्जातंतू स्नायूला भिडतो ती पट्टी टाळायची, कारण तिथून लहरी दोन्ही बाजूंना पळतात आणि यंत्र जोडीतल्या दोन संकेतांची वजाबाकी करतं तेव्हा एकमेकींना खोडतात. पुढच्या हातात स्नायू इतके दाटीनं असतात की शेजाऱ्याचा संकेतही येतो. म्हणून तिथे एकेका बोटाबद्दल बोलू नये, मूठ वळवणाऱ्या गटाबद्दल बोलावं.

आलेखात ५० हर्ट्झची, म्हणजे घरच्या विजेची, गुणगुण दिसली तर आधी रेफरन्स इलेक्ट्रोड (तुलनेसाठी स्नायूपासून दूर लावलेला) पाहायचा; तो कोपराच्या किंवा मणक्याच्या हाडावर घट्ट हवा. मग ट्यूबलाइट आणि पाण्याची मोटर बंद, लॅपटॉप बॅटरीवर, वायरी एकत्र पिळून अंगाला टेपनं चिकटवलेल्या. ५० हर्ट्झ कापणारा फिल्टर मी शेवटपर्यंत टाळतो, कारण ईएमजीची बरीचशी ताकद ५० ते १५० हर्ट्झमध्येच असते. २० ते ४५० हर्ट्झचा पट्टा आणि सेकंदाला २००० नमुने पुरतात. डाव्या खांद्यावर हृदयाचे ठोके घुसतात; तिथे खालची मर्यादा ३० हर्ट्झवर न्यावी.

वस्तादांचा पहिला प्रश्न असतो, कुणाचा आकडा मोठा? मिलिव्होल्टवरून दोन पैलवानांची तुलना करताच येत नाही. कातडीखालची चरबी संकेत दाबते. आधी प्रत्येकाकडून ३ ते ५ सेकंद पूर्ण जोर लावून घ्यायचा, असं तीनदा, मध्ये दोन मिनिटं विसावा. त्यातला सर्वांत मोठा आकडा १०० टक्के धरायचा आणि बाकीचं त्याच्या टक्क्यांत मांडायचं. इलेक्ट्रोड काढून पुन्हा लावला की हे परत करावं लागतं.

पकडीचा दम पाहायला ही पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटते. पैलवानाला डायनॅमोमीटर (पकडीचा जोर मोजणारं यंत्र) अर्ध्या जोरानं धरून ठेवायला सांगायचं. हात दमू लागला की तंतूंवरचा लहरीचा वेग मंदावतो, मध्यक वारंवारिता (जिच्या खाली आणि वर संकेताची निम्मी-निम्मी ताकद असते) खाली येते, आणि जास्त तंतू कामाला लागल्यानं आलेखाची उंची वाढते. नुसती उंची पाहणाऱ्याला वाटतं ताकद वाढली. ताकद डायनॅमोमीटर सांगतो, ईएमजी नाही.

पक्षाघातानंतर पाऊल उचलता न येणाऱ्या रुग्णाला नडगीच्या स्नायूचा हाच आलेख पडद्यावर दाखवून सराव देतात. कृत्रिम हात उघडझाप करायलाही उरलेल्या हाताच्या वळवणाऱ्या आणि ताणणाऱ्या स्नायूंवरचे दोन संकेत पुरतात. नस दबल्याचं निदान मात्र यावर करू नका. त्यासाठी सुईचा ईएमजी आणि डॉक्टर हवेत.

इलेक्ट्रोडचं फोडलेलं पाकीट दुमडून हवाबंद डब्यात ठेवा. एप्रिलच्या उन्हाळ्यात जेल लवकर सुकतं, आणि सुकलेल्या इलेक्ट्रोडचा गोंगाट कुठल्याच फिल्टरनं नीट जात नाही.