‘व्यवसाय’ नावाच्या रकान्यात अडकलेले सात आठवडे

भोसरीत माझे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे, पण वर्षातले निम्मे दिवस चाकण आणि रांजणगावच्या कारखान्यांच्या शेडवर ट्रस, म्हणजे छपराचा लोखंडी सांगाडा, जोडण्यात आणि पत्रे चढवण्यात जातात. जुन्या शेडचा सिमेंटचा पत्रा पाय पडताच फुटतो. अशाच एका पत्र्यातून आमचा एक जोडीदार खाली गेला, आणि २०२५ च्या दिवाळीनंतर मी ५० लाखांचा मुदत विमा काढायला घेतला. अर्ज, रक्त-लघवीची तपासणी आणि तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे हे सारे आठवड्यात उरकले.

घोडे अडले ते ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी. एजंटाने माझ्यादेखत तिथे ‘व्यावसायिक’ असे लिहिले आणि म्हणाला, “साहेब, वेल्डर लिहिलं की हप्ता वाढतो, आणि तुम्ही मालकच आहात की!” मी ते खोडायला लावले. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कंपनीला कोणत्याही कारणाने तिच्यावर आक्षेप घेता येत नाही. मात्र त्याआधी मी पडलो, तर हीच खोटी नोंद बायकोच्या तोंडावर फेकली जाणार, हे मला स्पष्ट दिसत होते.

खरे लिहिल्याची शिक्षा म्हणून एक प्रश्नावली आली: किती उंचीवर काम करता, आठवड्यातून किती तास, सुरक्षा पट्टा वापरता का, आणि शेवटी, मालकाचे पत्र जोडा. मालक मीच, हे मी शाखेतल्या बाईंना तीन वेळा सांगितले. ‘पद्धतीप्रमाणे पत्र लागतेच’ हे उत्तर तीन वेळा मिळाले. मी लघुउद्योगांच्या सरकारी ‘उद्यम’ नोंदणीचे प्रमाणपत्र दिले, ते चालले नाही. स्वतःच्याच लेटरहेडवर स्वतःलाच पत्र लिहिले, ते चालले! पण ‘उंची कामानुसार’ हे उत्तर परत आले. १२ मीटर लिहिल्यावर ही सरासरी की कमाल, अशी विचारणा झाली, आणि प्रत्येक कागद मुख्य कार्यालयात जाऊन यायला आठ-दहा दिवस लागत होते. मी काउंटरवर जे बोललो त्यातले एक अक्षरही फाइलमध्ये नव्हते, हे कळल्यावर मी शाखेत जाणे थांबवले आणि प्रस्ताव क्रमांक घालून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल पाठवला. चौथ्या दिवशी निर्णय आला. हे पहिल्याच आठवड्यात सुचायला हवे होते.

विमा रकमेच्या दर हजारी २ रुपये जादा, म्हणजे वर्षाला १०,००० रुपये अधिक, आणि अपघाताचा रायडर, म्हणजे मूळ विम्याला जोडायचे जादा संरक्षण, नामंजूर. वैयक्तिक जीवन विम्यावरचा १८ टक्के जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये गेला होता, तेवढाच दिलासा. मी निमूट मान्य केले.

या सात आठवड्यांत मी विम्याशिवायच छपरावर चढत होतो, हे लिहिताना अजून चीड येते. बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांची जीवन ज्योती योजना १८ ते ५० वयात घेता येते, आणि तिथे धंदा कोणी विचारत नाही. पहिले ३० दिवस फक्त अपघाती मृत्यूचे संरक्षण मिळते, पण आमच्या कामात भीती त्याचीच असते. अपघाताची सुरक्षा योजना २० रुपयांची. दोन्ही मी नंतर घेतल्या, माझ्याकडे कामाला असलेल्या पोरांनाही घ्यायला लावल्या. त्यांच्या बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीसाठी ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो देणारा ठेकेदार मीच असल्याने ते काम एका चहात झाले.

पॉलिसी हाती आल्यावर आधी तिला जोडलेली अर्जाची प्रत वाचा, कारण पॉलिसी परत करायची मुदत ३० दिवसांचीच असते. माझ्या प्रतीत ‘व्यवसाय’ या शब्दापुढे पुन्हा ‘व्यावसायिक’ असेच छापले होते. लेखी दुरुस्ती मागितली. तिचे पत्र एकोणिसाव्या दिवशी आले.