चौघं एकाच खोलीत

मे महिन्यात आमच्या स्टुडिओत फारसं काम नसतं. भीमजयंतीच्या गीतांची झुंबड एप्रिलमध्येच सरते, मग शाळांच्या प्रवेशाच्या जाहिराती, एखाद-दोन भजनं. गायक येतो, हेडफोन लावतो, तयार ट्रॅकवर एकच ओळ परत परत गातो आणि आम्ही त्यातले बरे तुकडे जोडतो. ज्यांनी वाजवलं ते एकमेकांना भेटलेलेही नसतात. नागपुरातल्या ऑर्केस्ट्रांमध्ये आयुष्य घालवलेल्या एका गिटारवाल्या दादांचा फोन आला तो अशातच. "चौघं एका खोलीत बसून वाजवू भाऊ. क्लिक नको, नंतर जोडाजोड नको." क्लिक म्हणजे हेडफोनमध्ये वाजणारी तालाची टकटक. गिटार, बास, ऑर्गन, ड्रम. बहुतेक सगळं नुसतं वादन, एकाच रचनेत गायिका.

पैसे लावणारे गृहस्थ दोन रचना ऐकून म्हणाले, "गाणं कधी सुरू होते?" आपल्याकडे शब्द नसले की लोक त्याला पार्श्वसंगीत समजतात आणि बोलायला लागतात. तेही बोलायलाच लागले. त्यांना बाहेर चहाला पाठवलं.

दादांची गिटार स्ट्रॅटोकास्टर धाटणीची, सिंगल कॉइलची. चुंबकांभोवती तांब्याच्या तारेची हजारो वेटोळी. ती गिटारच्या तारांची थरथर पकडतात, तशीच भिंतीतल्या वायरिंगची ५० हर्ट्झची घरघरही पकडतात. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरनं १९५५ मध्ये दोन कॉइल उलटसुलट जोडून ही घरघर मारली, पण त्यानं आवाज जाडा होतो आणि दादांना तो नको होता. त्यावर जुना उपाय असा, की गिटार घेऊन जागच्या जागी हळूहळू वळायचं. एका कोनात घरघर जवळजवळ नाहीशी होते. आमच्या खोलीत तो कोन नेमका भिंतीकडे तोंड केल्यावर सापडला.

"इथं घरघर गेली. पण मले ड्रमवाल्याचे हात दिसत नाहीत."

"मग?"

"मंग त्यालेच इकडं आना ना!"

बसवलेले सगळे माइक काढून ड्रम त्या भिंतीपाशी हलवला. पोरगा कुरकुरला. अर्धी सकाळ गेली, पण पुढे जे झालं ते या हलवाहलवीमुळेच झालं असं मला वाटतं.

एसीचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून टेकच्या, म्हणजे एका सलग मुद्रणाच्या, आधी तो बंद. बाहेर ४५ अंश. थोड्याच वेळात खोली तापते, पोलादी तारा सैलावतात आणि सूर उतरतो. इलेक्ट्रॉनिक ऑर्गन मात्र जागचा हलत नाही, त्यामुळे दर टेकनंतर गिटार पुन्हा जुळवायची. त्यात दुपारी सगळ्या वस्तीचे कूलर सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि स्टॅबिलायझरचा रिले 'टक' करतो. अगदी हळू वाजत असताना ती टक म्हणजे टेक गेलाच. म्हणून उरलेलं काम पहाटे उठून केलं.

ॲम्प २२ वॅटचा, व्हॉल्व्हचा, त्याच खोलीत. पुढे एसएम ५७ हा माइक, जो १९६५ पासून जगभर याच कामाला जुंपलेला आहे. स्पीकरच्या कागदी शंकूच्या मध्यावर धरला तर आवाज टोचतो, कडेला सरकवला तर मऊ होतो. दोन बोटांच्या अंतरात सगळा खेळ. ती जागा मी गुडघ्यांवर बसून, ॲम्पला कान लावून शोधतो आणि ते काम कुणाला करू देत नाही.

चौथी रचना संथ होती. दादा पिक, म्हणजे तार छेडायची पत्ती, न घेता बोटांनी वाजवत होते. गिटारवादक जेफ बेकनंही ऐंशीच्या दशकात पिक सोडला, त्याचा हा परिणाम. करंगळी व्हॉल्यूमच्या नॉबवर. स्वर छेडताना नॉब बंद, मग हळूच उघडायचा, म्हणजे छेडल्याचा आघात ऐकूच येत नाही. त्यावर तार ताणत नेलेली मींड, वर टेकवून धरलेली. मध्येच त्यांनी नॉब इतका उतरवला की ड्रमवाल्यानं त्यांच्या हाताकडे पाहत काड्या खाली ठेवल्या आणि बोटांनी वाजवू लागला. हे ठरलेलं नव्हतं. काचेपलीकडे माझा हात आवाज कमी-जास्त करायच्या फेडरवर होता, पण करण्यासारखं काही नव्हतं.

खरा घोळ मिक्सिंगला बसल्यावर कळला. ड्रमच्या वरच्या दोन माइकांत गिटार भरपूर शिरली होती. आवाज एका फुटाला साधारण एक मिलिसेकंद घेतो. ॲम्प दहा फुटांवर, म्हणजे तीच गिटार दहा मिलिसेकंद उशिरा पुन्हा ऐकू येते. मुंबईतला माझा एक रेकॉर्डिस्ट मित्र म्हणाला, गेट लाव (म्हणजे हळू आवाज आपोआप बंद होतो), स्नेअर, म्हणजे ड्रममधला खडखडीत वाजणारा ढोल, बदलून टाक, ताल संगणकातल्या समान चौकटींच्या ग्रिडवर बसव. हल्ली ही मंडळी दिसेल त्या तालाला इस्त्री मारतात. गेट लावून बघितला. गिटार स्वच्छ झाली आणि पार वाळून गेली. तिच्यातली खोली, तिचा निम्मा आवाज, ड्रमच्या माइकांतच होता.

गंमत म्हणजे थरावर थर चढवून मुद्रण करायची पद्धत रुजवली ती लेस पॉल या गिटारवाल्यानंच. १९५७ मध्ये त्यानं ॲम्पेक्स या टेपयंत्रांच्या कंपनीकडून आठ ट्रॅकचं यंत्र करून घेतलं. माझं पोट त्यावरच चालतं, तेव्हा तक्रार कसली. पण या रचनेत कोण पुढे, कोण मागे हे दादांच्या करंगळीनं आणि पोरानं खाली ठेवलेल्या काड्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. मग माझ्याकडे राहिलं काय?

एवढ्यावर भागलं असतं, पण ड्रमवाला म्हणतो शेवटच्या भागात, पुन्हा काड्या घेतल्यावर, स्नेअर दबलाय. खोटं नाही, मलाही तसंच ऐकू येतं. दीड डेसिबल चढवला तर त्याच्यासोबत मागची गिटारही चढते आणि दादांनी मुद्दाम मिटत नेलेला शेवट उघडा पडतो. दादा म्हणतात, "राहू दे ना बाप्पा." पोरगा म्हणतो, माझंही नाव आहे त्यावर. दोघंही बरोबर आहेत. पुढच्या रविवारी दोघं एकत्र ऐकायला येणार आहेत. पैसेवाले गृहस्थही येतो म्हणाले, त्यांना गायिकेचा आवाज मोठा हवाय.